चार दिवस बागलाणात

बागलाण म्हणजे नाशिक जिल्ह्याचे उत्तरेकडचे टोक. सटाणा हे तालुक्याचे गाव. पलीकडे धुळ्याचा साक्री तालुका आणि पश्चिमेला गुजरातचा डांग. सेलबारी आणि डोलबारी या सह्याद्रीच्या दोन रांगा इथे पूर्व-पश्चिम पसरल्या आहेत. महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला याच मुलखात असूनही भटक्यांच्या यादीत बागलाण तळाशी असते, याचे कारण अंतर. शनिवारी रात्री निघायचे आणि रविवारी रात्री घर गाठायचे, या हिशेबात लोहगड बसतो, हरिहर बसतो, ओढूनताणून हरिश्चंद्रगडही बसतो. बागलाण बसत नाही. तरीही बसवू पाहणारे साल्हेर एका दमात उरकतात आणि बाकीचा मुलूख गाडीत झोपून पार करतात. अशा धावपळीत इकडे येण्यात अर्थ नाही. जोडून आलेल्या सुट्टीचे तीन-चार दिवस हाताशी असतील, तर मात्र नेहमीच्या गर्दीत रांग लावण्यापेक्षा इकडची वाट धरावी.

नाशिकहून देवळामार्गे सटाणा साधारण नव्वद किलोमीटर. तिथून ताहाराबाद आणि ताहाराबादहून डावीकडे मोसम नदीच्या खोऱ्यात मुल्हेर. नाशिक-सटाणा एसटी भरपूर आहेत. ताहाराबादच्या पुढे त्या तुरळक होतात, आणि साल्हेरच्या पायथ्यापर्यंत जायचे तर जीप ठरवणे किंवा स्वतःची गाडी असणे सोयीचे. लॉज सटाण्यात मिळतात. मुक्काम मुल्हेर परिसरात ठेवला, तर रोजची ये-जा वाचते. मात्र राहण्या-जेवण्याची सोय आधी बोलून ठेवलेली बरी. ऐनवेळी पंधरा जणांचा गट दारात उभा राहिला तर कोणाचीच चूल तयार नसते.

पहिला दिवस मुल्हेरला द्यावा. राठोडवंशीय बागुल राजांची ही राजधानी. मयूरगिरी हे तिचे जुने नाव. नारायणशहाच्या दरबारातल्या रुद्रकवीने १५९६ मध्ये या घराण्यावर ‘राष्ट्रौढवंश’ हे संस्कृत महाकाव्य रचले. पुढे १६३८ मध्ये औरंगजेबाच्या सुभेदारीत मोगलांनी बागलाण घेतले आणि राज्य संपले. मुल्हेर किल्ल्याच्या माचीवर झाडीत दडलेली मंदिरे, तलाव आणि वाड्याचे अवशेष आहेत. सोमेश्वराचे मंदिर आणि मोती तलाव चुकवू नयेत. बालेकिल्ल्यावर पाण्याची टाकी आणि भडंगनाथाचे मंदिर आहे. माचीवरच्या दाट झाडीत ढोरवाटा फसवतात, म्हणून गावातला वाटाड्या घ्यावा. मोरा आणि हरगड हे शेजारी पाहायचे असतील तर पहाटेच निघावे लागते. तिन्ही एका दिवसात होतात, पण मग डोळ्यांपेक्षा पायच जास्त चालतात. मुल्हेर गावात उद्धव महाराजांची समाधी आहे आणि कोजागरीला इथे रासक्रीडेचा उत्सव होतो. सुट्टीची तारीख त्याच्याशी जुळवता आली तर अवश्य जुळवावी.

दुसरा दिवस साल्हेरचा. उंची १५६७ मीटर, म्हणजे राज्यात कळसूबाईच्या खालोखाल. चढाईच्या वाटा दोन: एक वाघांबे गावातून, दुसरी साल्हेरवाडीतून. वाघांब्याकडून चढून साल्हेरवाडीत उतरावे, म्हणजे किल्ल्याच्या दोन्ही अंगांची बांधणी पाहायला मिळते. गाडी तेवढी पलीकडे पाठवून ठेवावी. वाघांब्याची वाट आधी साल्हेर आणि शेजारचा सालोटा यांमधल्या खिंडीत पोहोचते. डाव्या-उजव्या बाजूंना दोन सुळकेवजा डोंगर आणि मधून भणाणता वारा, अशी ही जागा. खिंडीतून साल्हेरकडे वळले की कातळात खोदलेल्या पायऱ्या लागतात. मग दरवाजा, पुन्हा पायऱ्या, आणि कड्याच्या पोटातून आडवी जाणारी वाट. एका हाताला खोदलेल्या गुहांची रांग, दुसऱ्या हाताला सरळ दरी. वाट रुंद आहे, भीतीचे कारण नाही. पण पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवर पाय हमखास घसरतो. पठारावर गंगासागर तलाव आणि रेणुकेचे मंदिर, आणि त्यावरच्या टेकाडावर परशुरामाचे मंदिर. तिथून हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला सप्तशृंगी आणि धोडप, पूर्वेला मुल्हेर, हरगड, मांगी-तुंगी अशी ओळख एकेक पटत जाते. पायथ्यापासून इथवर साडेतीन-चार तास धरावेत. सालोट्यासाठी वेगळा वेळ लागतो, आणि तिथल्या पायऱ्या जास्त मोडक्या, दगड जास्त सुटे आहेत.

फेब्रुवारी १६७२ मध्ये याच गडाच्या परिसरात मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मोगलांचा वेढा मोडला. मराठ्यांनी उघड्या मैदानात मोगली फौजेला हरवल्याची ही मोठी लढाई. सूर्यराव काकडे तिच्यात पडले. माथ्यावरून खालचा सपाट टापू पाहिला की ‘मैदानात’ या शब्दाचा अर्थ कळतो. २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत साल्हेर आहे. त्यामुळे वर्दळ वाढणारच. मुक्कामाचे नियमही बदलू शकतात, तेव्हा गडावर राहायचा बेत असेल तर पायथ्याच्या गावात आधी विचारावे.

तिसरा दिवस मांगी-तुंगीचा. हे जैनांचे सिद्धक्षेत्र. पायऱ्यांची वाट, शिखरांच्या कातळात कोरलेल्या मूर्ती आणि २०१६ मध्ये प्रतिष्ठा झालेली ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती. पायथ्याला धर्मशाळा आहेत. हे तीर्थ आहे हे लक्षात ठेवून वागावे, सामिष डबा बरोबर नेऊ नये.

एक दिवस मात्र डोंगर सोडून सपाटीवर काढावा, कारण किल्ल्यांच्या पोटापाण्याचा उलगडा तिथेच होतो. मोसम आणि आरम नद्यांवर जुनी फड पद्धत आहे: नदीवर ठरावीक अंतराने लहान बंधारे, त्यांतून निघणारे पाट, आणि एका फडात सगळ्यांचे एकच पीक. पाणी वाटायला गावाने नेमलेला पाटकरी. ‘आईन-ए-अकबरी’त बागलाणच्या द्राक्षांची आणि डाळिंबांची नोंद आहे, आणि आजही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्याच बागा दिसतात, जोडीला कांद्याच्या चाळी. कान देऊन ऐकले तर बाजारात अहिराणी कानी पडते. सटाण्यात आरमेच्या काठी देवमामलेदारांचे मंदिर आहे. यशवंतराव भोसेकर या मामलेदाराने १८७०-७१ च्या दुष्काळात सरकारी खजिना भुकेल्यांना वाटून टाकला. सरकारी अधिकाऱ्याचे मंदिर आणि त्याची यात्रा हे दृश्य दुर्मिळच. जेवणात शेवभाजी आणि बाजरीची किंवा नागलीची भाकरी मागावी. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगावे.

सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी हा हंगाम चांगला. सप्टेंबरात सोनकी-तेरड्याने पठारे भरतात, पण धुके दिवसभर हलत नाही आणि दृश्य मिळेलच असे नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात आकाश मोकळे आणि रात्री कडाक्याच्या थंडीच्या. मार्चनंतर उघड्या पठारांवर सावली शोधावी लागते. टाक्यांतले सगळेच पाणी पिण्याजोगे नसते, म्हणून माणशी तीन लिटर पायथ्यापासूनच वाहून न्यावे. डोंगरपट्ट्यात मोबाइलची रेंज अधूनमधून जाते, तेव्हा नकाशा आधी उतरवून घ्यावा आणि जीपवाल्याशी परतीची वेळ सकाळीच पक्की करावी.