दोनाचा एक केला तेव्हा

आम्ही आठ जण दर रविवारी पुण्यात कुणाच्या तरी घरी 'मॅजिक: द गॅदरिंग' हा कार्डांचा खेळ खेळायला जमतो. एल्फ आणि ड्रॅगन बरेच खेळून झाले, तेव्हा आपल्या मातीतल्या वेताळ, हडळ, चकवा यांची कार्डं करावीत असं माझ्या मनानं घेतलं. सात महिने खपून मी साठ कार्डांचा संच रचला. स्वतःची कार्डं करणाऱ्यांनी माझी चूक आधीच वाचलेली असावी, म्हणून हे लिहितो आहे.

मला सगळ्यांत प्रिय होता तो मुंजा. सोडमुंज होण्याआधी गेलेला बटू पिंपळ सोडत नाही अशी समजूत, म्हणून कार्डावर लिहिलं: 'मुंजा मेला की तुमच्या हातात परत येतो.' ताकद एक, टिकाव एक, किंमत दोन माना (माना म्हणजे कार्ड उतरवायला मोजावी लागणारी शक्ती). चाचणीच्या डावांत मात्र त्याला कुणी हात लावेना. मला ते सलत होतं. छपाईच्या आदल्या रात्री मी त्याची किंमत दोनाची एक केली आणि फाईल पाठवून दिली.

त्याच संचात 'होमकुंड' होतं: एका क्रीचरचा, म्हणजे मुंज्यासारख्या लढणाऱ्या कार्डाचा, बळी द्या, एक काळा माना मिळवा. आणि 'हडळीची नजर' होती: तुमचं क्रीचर मेलं की प्रतिस्पर्ध्याचा एक प्राण कमी. मुंज्याचा बळी द्यायचा, तो हातात परतला की पुन्हा उतरवायचा, अशी एक फेरी. मुंजा दोन मानांचा असताना प्रत्येक फेरीला एक माना पदरचा घालावा लागे. माना पुरवणारी चार लँड कार्डं असतील तर तीन फेऱ्यांत खेळ थांबायचा. किंमत एक झाल्यावर बळीतून मिळालेल्या मानातच मुंजा परत उतरू लागला. फेरी फुकट झाली आणि तिला अंतच उरला नाही. खेळाडूला प्राण असतात वीस.

छापील संचाचा पहिलाच रविवार. आमच्यात नुकतीच येऊ लागलेली कॉलेजातली एक मुलगी माझ्या एका मित्रासमोर बसली होती. चौथ्या पाळीला त्याच्या लक्षात ही साखळी आली आणि त्यानं मुंजा वीसदा मारला. तिचं एकही क्रीचर अजून हल्ल्याला गेलं नव्हतं. तिनं शांतपणे विचारलं, "दादा, मी काय करायला हवं होतं?" मी साठही कार्डं चाळली. होमकुंड मोडणारं कार्ड एकच होतं, तेही पाच मानांचं. तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे दोन रविवार ती आली नाही.

हाच प्रश्न आता मी प्रत्येक कार्डाला सगळ्यांत आधी विचारतो. समोरच्यानं काय करायला हवं, आणि ते करायला त्याच्याकडे वेळ आणि माना असेल का?

किंमत ठरवताना आकड्याला आकडा जुळवला की काम झालं असं वाटतं. 1993 साली रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञानं हा खेळ आणला, तेव्हा पहिल्या संचात पाच रंगांची पाच कार्डं एकाच मापानं कापलेली होती: एक माना द्या, काहीतरी तीन घ्या. लाल 'लाइटनिंग बोल्ट' तीन इजा करतं, पांढरं 'हीलिंग साल्व' तीन प्राण देऊ शकतं, निळं 'अँसेस्ट्रल रिकॉल' तीन कार्डं देतं. कागदावर तीन म्हणजे तीनच, पण हातात आलेली तीन कार्डं तीन प्राणांपेक्षा कितीतरी भारी निघाली. पुढे याच खेळात 'डिव्हिनेशन'ला दोन कार्डांसाठी तीन माना मोजावे लागले.

आणि उशिरा बदललेला आकडा किती महागात पडतो, ते हा खेळ बनवणाऱ्या कंपनीनंही भोगलं आहे. 2004 च्या 'डार्कस्टील' संचातलं 'स्कलक्लॅम्प' हे अवजार ज्या क्रीचरला लावाल त्याची ताकद एकनं वाढवतं, टिकाव एकनं घटवतं आणि ते मेलं की दोन कार्डं देतं. टिकावाचा आकडा काम संपत आलं असताना खाली आणला गेला आणि त्याची पुरेशी चाचणी झाली नाही. एक टिकावाचं कुठलंही चिल्लर क्रीचर लगेच मरून दोन कार्डं देऊ लागलं. त्याच वर्षी जूनमध्ये 'स्टँडर्ड' या स्पर्धाप्रकारात त्यावर बंदी आली. हा इतिहास मी आधी वाचला होता. तरीही मुंज्यावरच्या मायेपोटी तेच केलं.

म्हणून सांगतो, आकडा बदलला की ते कार्ड नवं समजा आणि पहिल्यापासून तपासा. माना देणारी, मेलेलं परत आणणारी, किंमत घटवणारी आणि 'प्रत्येक वेळी' हे शब्द असलेली कार्डं वेगळी काढा. डाव मांडण्याआधी त्यांतलं प्रत्येक कार्ड दुसऱ्या प्रत्येकाशेजारी ठेवून पाहा, मग तिघांचे गट करा. काम कंटाळवाणं आहे, पण माझी साखळी अर्ध्या तासात सापडली असती. कार्ड कुणी घेत नाही म्हणजे ते दुबळं आहे असंही समजू नका. कदाचित त्याचा जोडीदार अजून कुणाला दिसलेला नसेल.

उतारा म्हणून नवं कार्ड घालायचा मोह मलाही झाला होता. तो आवरा. नाहीतर एका मुंज्यापायी प्रत्येकाला आपल्या डेकमध्ये तो उतारा बाळगत बसावं लागतं.

छपाईची घाई तर अजिबात नको. साध्या कागदाच्या 63 बाय 88 मिलिमीटरच्या चिठ्ठ्या कापा, पेन्सिलीनं लिहा आणि जुन्या कार्डावर ठेवून स्लीव्हमध्ये सरकवा. खोडलेला आकडा तसाच दिसू द्या, शेजारी तारीख आणि कारण लिहा. छापलेलं कार्ड बदलायला जीव होत नाही. मी ती गठ्ठ्यानं रद्दीत टाकली तेव्हा हात जड झाले होते.

चाचणी करणाऱ्याच्या शेजारी बसून समजावूही नका. तुमच्या मनातला डाव तो खेळणार नाही, आणि तेच तर पाहायचं असतं.

तिसऱ्या आठवड्यात मी त्या मुलीला फोन केला, झालेली चूक सांगितली आणि नव्या चिठ्ठ्या तपासशील का असं विचारलं. ती आली. मुंजा पुन्हा दोन मानांचा झाला आहे आणि मेल्यावर लगेच परतत नाही, पुढच्या पाळीच्या सुरुवातीला येतो. आता चकव्याचं कार्ड तिच्या घरी आहे. त्याच्या कोपऱ्यात किंमत लिहिलेली नाही, ती जागा मी कोरी ठेवली आहे.