मय्यतीनंतरचा हिशेब : नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

जुन्नर हे एके काळी कागदाचे गाव होते. जुन्नरी कागद पेशवाईत नावाजलेला होता आणि तो बनविणारे कागदी आपल्याच समाजाचे. त्याच गावात आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यात आज आपल्या व्यापाऱ्याचे कागद पाहावेत तर पासबुक एकीकडे, ठेवीची पावती दुसरीकडे, आणि नॉमिनी कोण हे घरातल्या कोणालाच माहीत नाही. मालक हयात असतो तोवर हे खपून जाते. मय्यत झाली की सगळे उघडे पडते. आम्ही हे लोकांचे सांगत नाही, आमच्याच घरचे सांगतो.

आमचे मोठे भाऊ कापडाच्याच धंद्यात होते. 2011 साली त्यांचे इंतकाल झाले. मागे अम्मी, भाभी, दोन मुलगे आणि एक मुलगी. बँकेत मुदत ठेव होती. ती पहिल्यांदा ठेवली तेव्हा भावाचा निकाह झालेला नव्हता, म्हणून नॉमिनी म्हणून आमचे नाव लिहिलेले होते. पुढे लग्न झाले, मुले झाली, पावती दर वेळी नव्याने पुढे चालू राहिली, पण नॉमिनीचे नाव बदलण्याचे कोणाच्या ध्यानात आले नाही. बँकेने आमची ओळख तपासून रक्कम आमच्या हाती दिली. बँकेचे त्यात काही चुकले नाही. चुकले आमचे. फॉर्मवर आमचे नाव आहे म्हणजे पैसा आमचा, असे आम्ही धरून चाललो आणि रमजानचा सीझन तोंडावर होता म्हणून तो माल भरण्यात घातला. भाभी इद्दतीत होत्या, त्या काही बोलल्या नाहीत. चार महिन्यांनी अम्मींनी एकच विचारले, "बेटा, ये पैसा किसका है?" आम्हांला उत्तर देता आले नाही.

मग मदरशातल्या मौलानांना विचारले आणि घोडेगावच्या कोर्टात काम करणाऱ्या एका वकीलसाहेबांनाही विचारले. दोघांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच सांगितले. नॉमिनी हा फक्त अमीन. बँकेला कोणाच्या तरी हाती पैसे देऊन मोकळे व्हायचे असते, त्यासाठी हे नाव. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 45 झेडए मध्ये तेवढाच अर्थ आहे. त्या पैशावर हक्क वारसांचा. आणि आमची गोष्ट तर आणखी पुढची होती. भावाला मुलगे असल्यामुळे शरीअतप्रमाणे भाऊ म्हणून आमचा हिस्सा शून्य. एक पैसाही नाही.

हा प्रश्न केवळ आपल्या समाजाचा नाही. कालनिर्णयकर्ते जयंत साळगावकर 2013 च्या ऑगस्टमध्ये वारले. त्यांच्या गुंतवणुकीतील काही रकमांवर नॉमिनीची नावे होती आणि नॉमिनी हाच मालक होतो की काय, यावर खटला उभा राहिला. त्याआधी 2010 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालात शेअर नॉमिनीचेच होतात असे म्हटले गेले होते, त्यामुळे लोकांत घोटाळा होता. साळगावकर कुटुंबाचा हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 14 डिसेंबर 2023 रोजी निकाल लागला, की नॉमिनेशन म्हणजे वारसाहक्काचा वेगळा मार्ग नव्हे. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 1983 सालीच हे तत्त्व सांगितले होते. मात्र विमा कायद्यात 2015 साली दुरुस्ती झाली आहे, आणि आई-बाप, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर त्यांचा लाभाचा हक्क मानण्याची तरतूद तीत आहे. म्हणून विम्याचा आणि बँकेचा हिशेब एकाच तागडीत तोलू नये, वकिलाला विचारावे.

आता आमच्या घरी वाटणी कशी झाली ते आकड्यांनिशी सांगतो, कारण तोंडी सांगून हे कोणाच्या लक्षात राहत नाही. ठेव आणि चालू खाते मिळून 7 लाख होते. दफनाचा खर्च आम्ही केला होता, तो आम्ही मागितला नाही. तरक्यातून पहिले कर्ज. इचलकरंजी आणि मालेगावच्या ठोक व्यापाऱ्यांचे मिळून 89 हजार निघाले. भाभींचा मेहर 11 हजार बाकी होता. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते की न दिलेला मेहर हे नवऱ्यावरचे कर्जच आहे, तो बेवेला तिच्या हिश्शाव्यतिरिक्त आणि वाटणीच्या आधी मिळतो. कर्जानंतर वसीयत असेल तर ती, पण एक तृतीयांशापर्यंतच, आणि वारसाच्या नावे केलेली वसीयत बाकीच्या वारसांनी कबूल केल्याशिवाय चालत नाही. भावाची वसीयत नव्हती. उरले 6 लाख. बेवेला आठवा हिस्सा म्हणजे 75 हजार. आईला सहावा हिस्सा म्हणजे 1 लाख. राहिलेल्या 4 लाख 25 हजारांचे पाच भाग, प्रत्येक मुलाला दोन आणि मुलीला एक. म्हणजे मुलगे 1 लाख 70 हजार प्रत्येकी आणि मुलगी 85 हजार. माल विकून ही रक्कम उभी करायला आम्हांला पुढची ईद उजाडली.

मुलीचे 85 हजार तिच्या हाती दिले तेव्हा बिरादरीतल्या काही बुजुर्गांनी नाके मुरडली, की लग्नात खर्च झाला तोच तिचा हिस्सा. हे चुकीचे आहे. लग्नातला खर्च मिरासीतून वजा होत नाही. बँकेत नॉमिनी नसेल तर जे वारस पैसे घेणार नाहीत त्यांचे ना-हरकतपत्र लागते, आणि आपल्याकडे बहिणींच्या सह्या नेमक्या तेथेच न वाचता घेतल्या जातात. कागद वाचून दाखवावा, तिचा हिस्सा किती तो आकडा सांगावा, मग तिला द्यायची तर सही देऊ द्यावी.

बँकेचे काम आता पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले आहे. रिझर्व्ह बँकेने 26 सप्टेंबर 2025 रोजी मयत खातेदारांच्या दाव्यांविषयी नवे निर्देश काढले आणि ते अमलात आणण्यास 31 मार्च 2026 ही मुदत ठरविली. नॉमिनी असेल, किंवा संयुक्त खाते "दोघांपैकी एक अथवा हयात असेल तो" अशा शर्तीचे असेल, तर दाव्याचा फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्र एवढ्यावर काम व्हावे. कोर्टाचा मनाई हुकूम नसेल तर वारसा दाखला मागू नये. नॉमिनी नसेल तर सर्वसाधारण बँकेत 15 लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंत साध्या पद्धतीने, म्हणजे हमीपत्र, ना-हरकतपत्र आणि वारस कोण याचा दाखला किंवा जबाब यांवर रक्कम मिळते. बँकेने स्वतः यापेक्षा मोठी मर्यादा ठेवली असेल तर ती. कागद पुरे झाल्यापासून 15 दिवसांत निकाल लावायचा. बँकेमुळे उशीर झाला तर भरपाईही आहे. मुदत ठेव मुदतीआधी मोडली तरी मयताच्या बाबतीत दंड कापत नाहीत. त्याहून मोठी रक्कम किंवा वारसांत भांडण असेल तर मात्र 1925 च्या वारसा कायद्याप्रमाणे कोर्टातून वारसा दाखला काढावा लागू शकतो. तलाठ्याकडची वारस नोंद ही जमिनीसाठी असते. ती दाखवून बँकेशी भांडू नये, आमच्या ओळखीच्या एका बागवान बंधूंचे त्यात दोन महिने गेले.

खरी अडचण नावांची. पासबुकावर "शेख रहेमान अब्दुल", आधारवर "अब्दुल रहमान शेख", मृत्यूच्या दाखल्यावर "रहमानभाई". बायकांचे तर निकाहाआधीचे नाव एक, नंतरचे दुसरे. आतार, तांबोळी, मणियार, मोमीन यांत कोणी धंद्याचे नाव लावतो, कोणी नुसते शेख. ही माणसे एकच, असे प्रतिज्ञापत्र करावे लागते. हयातीत पॅन, आधार आणि पासबुक यांवरची नावे जुळवून घेतली तर बेवेच्या खेपा वाचतात. दाखल्याचेही लक्षात ठेवावे. मृत्यूची नोंद 21 दिवसांत, आणि जेथे मृत्यू झाला तेथेच. माणूस जुन्नरचा असला तरी पुण्याच्या दवाखान्यात वारला असेल तर दाखला पुण्यातून निघतो. त्याच्या आठ-दहा प्रती घेऊन ठेवाव्यात. इद्दतीतल्या बाईला बँकेत नेण्याची घाई करू नये, फॉर्म घरी आणून सही घेता येते, आणि काही अडले तर बँक मॅनेजरशी आणि आलिमांशी दोघांशीही बोलावे.

व्यापाऱ्याचे चालू खाते ही निराळी गोष्ट. एकट्याच्या मालकीची पेढी असेल तर मालकाबरोबर खातेही थांबते. वडिलांनी आधीच सही करून ठेवलेले चेक नंतर वटवणे, किंवा एटीएमवरून पैसे काढणे, हे करू नये. मुलगा वारस असला तरी ते बेकायदा आहे, शिवाय दुसऱ्या वारसांच्या हिश्शाला हात लावणे आहे. कफनदफनासाठी लागेल ते घरातल्या कोणी तरी खर्चावे आणि हिशेबात लिहावे. गिऱ्हाइकांचे चेक नंतरही मयताच्या नावाने येत राहतात. ते परत जाऊ नयेत म्हणून वारसांच्या संमतीने "मरहूम अमुक यांची मिळकत" अशा नावाचे खाते उघडून त्यात जमा करण्याची सोय आहे, पण त्यातून काढता येत नाही. चालू खात्यातल्या शिलकीवर मृत्यूच्या तारखेपासून बचत खात्याच्या दराने व्याज मिळते. ते घ्यावे की न घेता खैरातीत टाकावे, हे ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. भागीदारी असेल तर करारात वेगळे लिहिले नसल्यास भागीदाराच्या मृत्यूने पेढीच मोडते, 1932 चा भागीदारी कायदा तसे म्हणतो. भागीदारीपत्रात एक ओळ घालून घ्या, खर्च काही नाही.

जीएसटीकडे सगळ्यांचे दुर्लक्ष होते. मुलाने दुकान पुढे चालवायचे तर बापाच्या नंबरावर बिले फाडता येत नाहीत. त्याने मालकाच्या मृत्यूचे कारण दाखवून आपली नवी नोंदणी 30 दिवसांत मागावी, बापाच्या खात्यावर उरलेले इनपुट क्रेडिट आयटीसी-02 या फॉर्मने आपल्याकडे घ्यावे आणि मग जुना नंबर रद्द करावा. क्रम उलटा झाला तर क्रेडिट बुडते. कापडवाल्यांच्या बाबतीत गोदामात पडलेल्या ठाणांवरचे हे क्रेडिट बरेच असते. आयकराचे विवरणपत्रही मृत्यूच्या तारखेपर्यंतच्या मिळकतीचे वारसाने भरायचे असते, त्याची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच.

मंचर, नारायणगाव, आळेफाटा, ओतूर या बाजारपेठांत पतसंस्थांत पैसा ठेवणारे पुष्कळ. वर सांगितलेले रिझर्व्ह बँकेचे निर्देश पतसंस्थांना लागू नाहीत, आणि बँकेतल्या ठेवीला असलेले 5 लाखांपर्यंतचे विमासंरक्षणही पतसंस्थेच्या ठेवीला नाही. तेथे संस्थेचे पोटनियम काय म्हणतात ते पाहावे. ठेवीची मूळ पावती आणि नॉमिनीची नोंद दोन्ही हाताशी असावीत.

पासबुकात मागे जाऊन आणखी एक गोष्ट पाहावी. वर्षातून एकदा 436 रुपये किंवा 20 रुपये कापलेले दिसतात. पहिला जीवनज्योती विमा, दुसरा अपघाताचा सुरक्षा विमा, आणि अटी पुऱ्या होत असतील तर प्रत्येकी 2 लाख मिळतात. ही ओळ न वाचल्यामुळे किती बेवांचे पैसे राहून गेले असतील! दहा वर्षे न हललेली खाती रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण वारसांचा हक्क जात नाही. 2023 साली सुरू झालेल्या उद्गम नावाच्या संकेतस्थळावर मयताच्या नावाने शोध घेता येतो, दावा मात्र त्या बँकेकडेच करायचा.

1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात आणि कोणाला किती टक्के तेही लिहिता येते. सोय चांगली. तरी ती टक्केवारी म्हणजे मिरासीचे हिस्से नव्हेत. बापाआधी वारलेल्या मुलाची मुले, म्हणजे यतीम नातवंडे, दुसरा मुलगा हयात असेल तर वारसांत येत नाहीत. आजोबांना त्यांची काळजी असेल तर नॉमिनीत नाव घालून भागणार नाही, एक तृतीयांशाच्या आत लेखी वसीयत करावी आणि दोन साक्षीदार घ्यावेत.

आम्ही आता दुकानाच्या खतावणीच्या पहिल्या पानावर आमची सगळी खाती, पावत्यांचे नंबर, प्रत्येकाचा नॉमिनी, कोणाकडून किती उधारी येणे आणि कोणाचे किती देणे हे लिहून ठेवले आहे. बेगमचा मेहर बाकी होता, तो गेल्या वर्षी देऊन त्याची पोचही त्याच पानाला लावली. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकरामध्ये आहे, तो आपण शाळेत पाठ केला, पण वहीत कधी उतरविला नाही. त्या पानाची एक प्रत घरी कपाटात आहे आणि ती कोठे आहे हे मुलीलाही माहीत आहे.