परतीचे पैसे आधी बाजूला

आईबाबांनो, वसई-विरारच्या घरांना परदेश नवा नाही. आखातात किंवा बोटीवर गेलेला माणूस नात्यात एखादा तरी असतोच. पण तो जायचा कमावता होऊन, ओळखीपाळखीनं. आता बारावी झालेली मुलं एकटी निघतात. बॅगेत सुकेळी जातात, घरचा मसाला जातो, विम्याचे कागद जातात. एका गोष्टीवर मात्र घरात बोलणंच होत नाही: मध्येच परत यावं लागलं तर?

निघताना अभद्र बोलू नये, असं वाटतं. पण युक्रेन आठवा. १५ फेब्रुवारी २०२२ला कीव्हमधल्या भारतीय दूतावासानं सुचवलं होतं की, ज्यांचं राहणं गरजेचं नाही त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरतं निघण्याचा विचार करावा. बरीच मुलं थांबली. वर्ग ऑनलाइन होतील की नाही ते कळत नव्हतं, हजेरी बुडायची धास्ती होती आणि तिकिटं महागली होती. २४ तारखेला हल्ला झाला, विमानं बंद झाली. पुढे मुलांना परत आणण्यासाठीच्या 'ऑपरेशन गंगा'चं पहिलं विमान बुखारेस्टहून मुंबईत उतरलं, पण सीमेपर्यंतची वाट मुलांनी थंडीत, उपाशीतापाशी काढली.

म्हणून एकेरी तिकिटाचे पैसे, तेही ऐनवेळच्या दराचे, आजच वेगळ्या खात्यात टाका आणि शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता थकला तरी त्याला हात लावू नका. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुलाला समोर बसवून सांगा, "कर्जाचं आम्ही बघू. तुला धोका वाटला तर विचारत बसू नकोस, निघ." "तुझ्यासाठी घर गहाण टाकलंय" हे वाक्य ज्याच्या कानावर रोज पडतं, तो तिथे मार खाईल, पण घरी कळवणार नाही.

नोकरीला जाणाऱ्यांची गोष्ट आणखी नाजूक. थायलंडमधल्या नोकरीच्या आमिषानं गेलेली आपली तरुण मुलं सीमेपलीकडे म्यानमारमध्ये सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबली गेली. १० मार्च २०२५ला वायुदलाच्या विमानानं थायलंडमधल्या माए सोतहून २८३ जणांना परत आणावं लागलं. एजंट कितीही ओळखीचा असो, त्याचा परवाना सरकारच्या 'ई-मायग्रेट' पोर्टलवर स्वतः तपासा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. "पर्यटक म्हणून जा, तिथे कामाचा व्हिसा करू" असं तो म्हणाला, की बोलणं तिथेच थांबवा.

आज रात्री जेवताना मुलाला कागद द्या आणि आईचा, बाबांचा फोन नंबर मोबाइल न बघता लिहायला सांगा. अनेकांना जमत नाही. मोबाइल चोरीला गेला तर त्याच्यापाशी उरणार तेवढेच आकडे. विद्यार्थी असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर नोंदणी करून घ्या. रूममेट, घरमालक, कॉलेजचं कार्यालय आणि दूतावासाचा तातडीचा क्रमांक फ्रिजवर लावा. ठरलेला फोन चुकला तर किती तासांनी कुणाला विचारायचं, तेही ठरवा, नाहीतर पहिल्या तासालाच घर डोक्यावर घ्याल.

आणि एक खुणेचं वाक्य ठरवा. "मावशीचा गुडघा कसा आहे?" असं मुलीनं विचारलं, की समजायचं, तिच्याजवळ कुणीतरी ऐकतंय. मग रडारड नको, खोदून विचारणंही नको. हो किंवा नाही म्हणता येईल एवढंच विचारा: पासपोर्ट तुझ्याजवळ आहे? जागा तीच आहे? दूतावासाला कळवू?