कॅमेऱ्याचे रूप आणि बाजारपेठ

जयपूर शहरात विद्याधर नगर नावाची वसाहत आहे. १७२७ मध्ये वसलेल्या जयपूरच्या आखणीशी ज्यांचे नाव निगडित आहे, त्या विद्याधर भट्टाचार्य यांचे हे स्मारकच होय. या नव्या वसाहतीचा आराखडा पुण्यात जन्मलेले वास्तुशिल्पज्ञ बाळकृष्ण दोशी यांनी तयार केला. नगराची आखणी म्हणजे दर्शनी भागाची सजावट नव्हे. रस्ते, सावली आणि चौक यांचा रहिवाशांच्या नित्य व्यवहाराशी मेळ घालणे होय. हातात मावणाऱ्या यंत्रासही हाच नियम लागू पडतो. कॅमेरा हे त्याचे उत्तम उदाहरण आहे.

एकोणिसाव्या शतकात जयपूरचे महाराजा सवाई रामसिंह (दुसरे) स्वतः छायाचित्रे काढीत. त्या काळी कॅमेरा म्हणजे मोठी लाकडी पेटी असे, कारण आत काच बसवावी लागे. पुढे फिल्म आली. तिच्या दोन गुंडाळ्यांसाठी दोन्ही बाजूंस जागा ठेवावी लागे. म्हणून कॅमेरा आडवा व लांबट झाला. सारांश, कॅमेऱ्याचे रूप बहुतांशी आतील साहित्याने ठरविलेले होते.

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मची जागा प्रकाशसंवेदी चकतीने घेतली आणि हे बंधन सुटले. १९९५ मध्ये विक्रीस आलेल्या कॅसिओ क्यूव्ही-१० या कॅमेऱ्याचे भिंग फिरविता येत असे व पाठीमागे पडदा होता. त्याची चित्रे फारशी सुस्पष्ट नव्हती. तरीही काढलेले चित्र तत्काळ पाहता येणे ही सोय ग्राहकांस भावली.

आता दोन उदाहरणांची तुलना करू. २०१२ मध्ये पेंटॅक्स के-०१ हा कॅमेरा आला. मार्क न्यूसन या ख्यातनाम अभिकल्पकाने त्याला रूप दिले होते. त्यातील आरसा काढलेला होता. परंतु जुनी भिंगे बसावीत म्हणून भिंग व चकती यांतील अंतर पूर्वीइतकेच राखले गेले, त्यामुळे कॅमेरा जाडच राहिला. डोळ्यास लावून पाहण्याची खिडकीही त्यात नव्हती. सुमारे एका वर्षात त्याचे उत्पादन थांबले. याउलट २०११ मध्ये विक्रीस आलेल्या फुजीफिल्म एक्स१०० चे रूप जुन्या कॅमेऱ्यांसारखे होते. परंतु ते केवळ अनुकरण नव्हते. झडपेचा वेग वरच्या चकतीवर, तर प्रकाशछिद्राचे माप भिंगाभोवतीच्या कड्यावर ठरविता येई. कॅमेरा सुरू करण्यापूर्वीच दोन्ही आकडे डोळ्यांस दिसत. या मालिकेतील सहावा कॅमेरा २०२४ मध्ये आला, तेव्हा मागणी पुरवठ्याहून पुष्कळ अधिक होती.

हा फरक महत्त्वाचा आहे. जपानी उत्पादकांनी २०१० मध्ये सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात पाठविले. २०२३ मध्ये ही संख्या ८० लाखांच्याही खाली गेली. साधे चित्र मोबाइल फोनवर निघू लागल्यावर, स्वतंत्र कॅमेरा का घ्यावा, हा प्रश्न ग्राहकापुढे उभा राहिला. त्याचे उत्तर देण्यात रूपाचा वाटा मोठा आहे. मोहक रूप ग्राहकाला दुकानापर्यंत आणते. परंतु यंत्र नित्य हाती राहते ते रूप आणि उपयोग यांची सांगड बसली, तरच.