बॅटरीचा सांधा : स्पॉट वेल्डर बनवावा की विकत घ्यावा?



या अंकातला अभ्यासपाठ एका लहानशा यंत्राविषयी आहे. पनवेल तालुक्यातल्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांवर आपल्या देणग्यांतून सौर कंदील गेले. ते बंद पडले की दुरुस्तीसाठी आमच्या पनवेलच्या खोलीत येतात. उघडून पाहिले तर बहुधा पॅनेल ठीक असते, दिवाही ठीक असतो. गेलेला असतो तो आतला सेल. नवा सेल धातूच्या पट्टीने जोडावा लागतो आणि तो सांधा करणारे यंत्र म्हणजे स्पॉट वेल्डर. युवक संघातली मुले विचारतात, "आपणच बनवले तर स्वस्त पडेल ना?" काही देणगीदार विचारतात, "तयार का घेत नाही?" दोघांनाही एकत्र उत्तर द्यावे म्हणून हा पाठ लिहीत आहे.

प्रश्न फक्त पैशांचा नाही. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. भट्टीवरच्या खोपीत पुष्कळदा तोच कंदील हा एकमेव उजेड असतो. म्हणून दुरुस्ती पावसाळ्यात उरकायला हवी. आणि कच्चा सांधा तापतो. गवताच्या, कारवीच्या आणि प्लास्टिकच्या खोपीत तापलेली बॅटरी म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

वाडीवरची मुले हे काम शिकू शकतील का, अशी शंका काही जण काढतात. मुंबईच्या आय.आय.टी.ने सुरू केलेल्या सौर अभ्यासदिव्यांच्या कार्यक्रमात दिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती गावातल्याच लोकांना शिकवून त्यांच्याकडूनच करून घेतली. तेव्हा ही शंका बाजूला ठेवून आपण पुढे जाऊ.

१. सोल्डर का करायचे नाही?

लिथियम-आयन सेल १९९१ मध्ये सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणला. त्याचा सर्वांत परिचित आकार म्हणजे १८६५० : व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. सेलच्या आत दोन पत्र्यांच्या मध्ये प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो. तो पॉलिइथिलिनचा असेल तर साधारण १३० अंशांच्या आसपास वितळू लागतो. सोल्डरिंग आयर्नचे टोक ३५० अंशांच्या घरात असते आणि सेलचे पोलादी डबडे ती उष्णता आत ओढून घेते. पडदा बिघडला तर आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. तसे लगेच झाले नाही, तरी सेलचे आयुष्य घटते.

स्पॉट वेल्डर हेच काम वेगळ्या रीतीने करतो. निकेलची पट्टी सेलवर ठेवायची, तिच्यावर तांब्याची दोन टोके दाबायची आणि क्षणभर प्रचंड प्रवाह सोडायचा. पट्टी आणि डबडे जिथे टेकतात तिथे रोध जास्त असतो, म्हणून उष्णता तिथेच निर्माण होते आणि दोन्ही धातू एकजीव होतात. ही पद्धत एलिहू थॉमसन यांनी १८८०च्या दशकात अमेरिकेत विकसित केली. मोटारींचे पत्रे आजही असेच जोडले जातात.

२. थोडे गणित

जूल यांचा नियम शाळेत आपण सर्वांनी शिकला आहे : उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध गुणिले वेळ. उदाहरण घेऊ. प्रवाह ८०० अँपिअर, सांध्याचा रोध २ मिलिओहम आणि वेळ १० मिलिसेकंद. गुणाकार केला तर १२.८ जूल येतात. एवढ्या उष्णतेने एक ग्रॅम पाणी जेमतेम तीन अंशांनी तापेल. पण तीच उष्णता टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत एका क्षणात ओतली, की १४५५ अंशांना वितळणारे निकेलही विरघळते आणि सेलचा बाकीचा भाग थंडच राहतो. याउलट ६० वॅटचे सोल्डरिंग आयर्न तीन सेकंद टेकवले तर १८० जूलपर्यंत उष्णता उतरू शकते, म्हणजे चौदा पट.

या गणितातून दोन गोष्टी निघतात. पहिली : वेळ हातावर सोडून चालत नाही. दहा मिलिसेकंद माणसाच्या बोटाला मोजता येत नाहीत, त्यासाठी इलेक्ट्रॉनिक कार्डच लागते. दुसरी : वायरीचा प्रत्येक मिलिओहम महत्त्वाचा असतो. १२ व्होल्टच्या बॅटरीतून १००० अँपिअर हवे असतील तर बॅटरी, वायर, कार्ड आणि सांधा मिळून एकूण रोध १२ मिलिओहमपेक्षा जास्त असता कामा नये. म्हणून वायर जाड आणि आखूड असावी, आणि लग घट्ट दाबलेले असावेत.

३. घरी बनवण्याचे दोन मार्ग

पहिला मार्ग भंगारातल्या मायक्रोवेव्हचा. त्याच्या ट्रान्सफॉर्मरचे बारीक तारेचे वाइंडिंग कापून काढतात आणि त्या जागी जाड केबलचे दोन वेढे घालतात. एका वेढ्याला साधारण एक व्होल्ट मिळतो, पण प्रवाह शेकडो अँपिअरचा. भंगारातून माल मिळाला तर हा मार्ग सर्वांत स्वस्त आहे, आणि तरीही मी तो नाकारतो. मायक्रोवेव्हमध्ये दोन हजार व्होल्टच्या घरातला दाब असतो. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका भार शिल्लक राहू शकतो. शिकाऊ मुलांनी तो उघडणे मला मान्य नाही. शिवाय हे यंत्र घरच्या विजेवर चालते आणि प्रत्येक सांध्याला मोठा भार ओढते. जुन्या वायरिंगवर दिवे मिचकावतात किंवा एमसीबी पडतो. दाब कमी झाला की त्याच सेटिंगवर सांधा कच्चा होतो, आणि वरून तो दिसत नाही.

दुसरा मार्ग १२ व्होल्टच्या बॅटरीचा. मोटार स्टार्ट करण्याची बॅटरी घ्यायची आणि तिच्यापुढे मॉसफेट असलेले टायमर कार्ड लावायचे. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी इथे तितकी उपयोगी नाही; ती हळूहळू पण दीर्घकाळ प्रवाह देण्यासाठी बनवलेली असते. स्टार्टरच्या बॅटरीत पातळ प्लेटा पुष्कळ असतात, म्हणून ती क्षणात मोठा प्रवाह देते. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही. धोका आहे तो भाजण्याचा आणि ठिणगीचा. शिवाय मॉसफेट जळतो तेव्हा बहुधा तो चालू स्थितीतच अडकतो, आणि मग प्रवाह थांबतच नाही. म्हणून बॅटरीच्या टोकापाशीच फ्यूज आणि हाताशी येईल असा तोडस्विच हवाच.

४. विकत घेताना काय पाहावे?

काही शे रुपयांच्या सुट्या कार्डापासून कित्येक हजारांच्या पायडल असलेल्या यंत्रापर्यंत सर्व काही मिळते. पनवेलहून हार्बर लोकलने मुंबईला जाऊन ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर स्वतः पाहून घेता येते. दुकानदाराला पुढील प्रश्न विचारावेत.

(अ) किती जाडीची शुद्ध निकेल पट्टी हे यंत्र जोडते? कंदिलासाठी ०.१ ते ०.१५ मिलिमीटर लागते. खिशात मावणारी यूएसबीवर चार्ज होणारी यंत्रे बहुधा ०.१ मिलिमीटरपाशीच थांबतात.
(आ) वेळ मिलिसेकंदात बदलता येते का? दोन झटके देता येतात का? पहिला हलका झटका पट्टी बसवतो, दुसरा सांधा करतो.
(इ) सुटे भाग आणि तांब्याची टोके नंतर मिळतील का?
(ई) समोर सांधा करून दाखवाल का?

पट्टीबाबत विशेष सावध राहावे. निकेल म्हणून पुष्कळदा निकेलचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी विकली जाते. पोलादाचा रोध जास्त, म्हणून ती तापते, आणि कोकणच्या दमट हवेत गंजते. लोहचुंबकाने फरक कळत नाही, कारण निकेलही चुंबकाला चिकटते. पट्टी पॉलिश पेपरने खरवडून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवावी. सकाळी तांबूस गंज दिसला तर ती पोलादाची.

५. आम्ही काय ठरवले?

यंत्राचा मेंदू, म्हणजे टायमर कार्ड, आम्ही विकत घेतले. बाकीचे, म्हणजे लाकडी पेटी, जाड केबल, तांब्याच्या कांड्यांची दोन पेने आणि पायाचा स्विच, मुलांनी बनवले. जिथे चूक जीवावर बेतते तिथे तयार वस्तू घ्यावी आणि जिथे हात शिकतो तिथे स्वतः बनवावे, हा त्यामागचा नियम. यंत्र पनवेललाच राहते. कंदील वाडीवरून खाली येतो.

पण हे उत्तर सर्वांना लागू नाही. वर्षाकाठी दहा-बाराच कंदील दुरुस्त करायचे असतील तर यंत्र घेऊच नये. पट्ट्या आधीच जोडलेले सेल मिळतात. त्या पट्टीच्या टोकाला सोल्डर केले तर सेलला फारशी उष्णता पोचत नाही. देणगीचा पैसा कपाटात धूळ खात पडलेल्या यंत्रात अडकू नये.

६. काम करताना पाळायचे नियम

• डोळ्यांवर चष्मा आणि अंगात सुती कपडे. अंगठ्या, कडी, बांगड्या काढून ठेवाव्यात.
• जुन्या सेलच्या जागी त्याच रसायनाचा सेल घालावा. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल ३.२ व्होल्टचा असतो आणि ३.६५ व्होल्टवर भरतो. दुसरा प्रकार ३.६ किंवा ३.७ व्होल्टचा, तो ४.२ वर भरतो. एकाचे चार्जिंग दुसऱ्याला चालत नाही.
• दोन सेल समांतर जोडण्याआधी मीटरने दोन्हींचा दाब सारखा असल्याची खात्री करावी.
• सेलच्या धन टोकाभोवती कागदी इन्सुलेटरची चकती लावावी. ऋण असलेले डबडे तिथपर्यंत वळून आलेले असते. पट्टी त्याला टेकली की शॉर्ट.
• पट्टीला मधोमध चीर द्यावी आणि दोन टोके चिरेच्या दोन बाजूंना ठेवावीत. मग प्रवाह पट्टीतून आडवा न पळता सेलच्या डबड्यातून जातो.
• रोज पहिला सांधा टाकाऊ सेलवर करून पक्कडीने ओढून पाहावा. पट्टी अलगद सुटली तर सांधा कच्चा. पट्टीला भोक पडून निकेलचा तुकडा सेलवरच राहिला तर पक्का.
• जुने सेल कचऱ्यात किंवा चुलीत टाकू नयेत. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ते अधिकृत संकलनाकडेच द्यायचे आहेत. टोकांना चिकटपट्टी लावून ते आमच्याकडे आणून दिले तरी चालेल.

पक्कडीने ओढून पाहण्याची ही सवय मला फार मोलाची वाटते. वाडीवरच्या आजीला सांधा दिसणार नाही, देणगीदारालाही नाही. तो ओढून पाहणारा एकच माणूस असतो, दुरुस्ती करणारा. म्हणून आमच्याकडे सांधा करणारा मुलगा प्रत्येक कंदिलाच्या आत कागदाच्या चिठ्ठीवर तारीख आणि स्वतःची सही घालतो.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीने दिलेल्या वस्तूंपैकी आज किती चालू आहेत? त्यांची विचारपूस कोण करते?
२. नवा कंदील देणे आणि जुना दुरुस्त करणे, यांपैकी कशाला देणगी लवकर मिळते? का?
३. आपल्यापैकी इलेक्ट्रिशियन, आयटीआय झालेले किंवा निवृत्त तंत्रज्ञ कोण आहेत? पावसाळ्यातले चार शनिवार ते देऊ शकतील का?