मानेचं काम वेच्या-वेच्यानं

पोरी, परवा फोनवर तू म्हणालीस, "मोठ्याई, डॉक्टरांनी मानेचा फोटो काढला, मणक्यात गॅप आलाय म्हणे," आणि पुढं तुझा आवाजच फुटला. डोळे पूस बरं आधी. माझ्या मानेचा असाच फोटो निघाला त्याला वीस वर्षं झाली. त्याच मानेनं मी शाळेची नोकरी पुरी केली, दोन पोरांची लग्नं लावली, आणि केळापूरच्या जगदंबेच्या पायऱ्या अजून रोज चढते.

त्या गॅपचं आधी सांगते, कारण या एका शब्दानं आपल्या भागात फार घाबरगुंडी उडवली आहे. मानेत सात मणके असतात आणि वरचे दोन सोडले तर प्रत्येक दोघांमध्ये एक गादी. वय वाढतं तशी ती गादी सुकते, चपटी होते. म्हणजे मधली जागा वाढत नाही, उलट कमी होते. मग कडेला हाडाची बारीक टोकं येतात, सांधे घासतात, मान आणि दोन खांद्यांमधली पाठ भरून येते. साठीनंतर जवळपास सगळ्यांच्याच फोटोत हे दिसतं, आणि त्यातल्या कितीतरी जणांची मान कधी दुखलेली नसते. फोटो म्हणजे सातबारा. वावर किती ते सांगतो, पीक किती येईल ते सांगत नाही.

झिजलेली गादी पुन्हा भरून येत नाही, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण दुखणं किती राहायचं, ते बरंचसं आपल्या हातात असतं. आपल्याकडे सीतादही करून कापसाचा पहिला वेचा सुरू होतो, आठवतं ना? पराटीची सगळी बोंडं एकदम फुटत नाहीत. पहिला वेचा, मग दुसरा, मग तिसरा, असं करत उलंगवाडीपर्यंत जायचं असतं. मानेचं कामही तसंच वेच्या-वेच्यानं करायचं. मला हे कळायला दहा वर्षं लागली, तुला दहा मिनिटांत सांगते.

१. काम दुखण्यावर मोजू नकोस, घड्याळावर मोज. अर्धा तास झाला की ऊठ, दोन मिनिटं चाल — दुखायला लागेपर्यंत थांबलीस तर स्नायू आधीच आखडलेले असतात.

२. बऱ्या दिवशी जास्तीचं काम काढू नकोस. एका दिवाळीला मान हलकी वाटली म्हणून मी एका दिवसात घरभर जाळे काढले, माळ्यावरची भांडी उतरवली, आणि चार दिवस बाजेवर पडून राहिले — बऱ्या दिवसाची उधारी वाईट दिवस व्याजासकट वसूल करतो.

३. वाईट दिवशीही पूर्ण झोपून राहू नकोस, अंगणात का होईना फिर — न हललेला सांधा दुसऱ्या दिवशी जास्त आखडतो.

४. सकाळी सरळ झटक्यानं उठू नकोस. आधी कुशीवर हो, पाय खाली सोड, हातानं रेटून बस — उताणी उठताना डोक्याचा सगळा भार एकट्या मानेवर येतो.

५. कुशीवर झोपताना उशी इतकीच जाड हवी की कान आणि खांदा यांमधली जागा भरेल. उताणी झोपताना त्याहून पातळ — रात्रीची उशी आणि सकाळची मान एकच भाषा बोलतात. पालथं झोपणं मात्र सोडच, त्यात मान रात्रभर एका बाजूला पिळलेली राहते.

६. उन्हाळ्यात अंगणात बाज टाकलीस तर तिची दावण आधी आवळून घे — झोळ पडलेल्या बाजेत पाठ बुडते आणि मान वर राहते. कूलरचा झोतही थेट मानेवर घेऊ नकोस, माझी मान त्यानं हमखास धरते.

आता तुझ्या ऑफिसचं. आपलं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. सरळ मानेवर ते हलकं वाटतं, कारण खाली मणक्यांचा खांब असतो. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या हंसराज नावाच्या एका सर्जननं हिशोब मांडला होता, की डोकं साठ अंश पुढं झुकवलं तर मानेवर सुमारे २७ किलोचा भार पडतो. हा हिशोब संगणकावरचा होता, खऱ्या मानेत थोडं इकडंतिकडं होईल. पण तू मोबाइलमध्ये डोकं घालून बसतेस तेव्हा मानेवर सिमेंटचं अर्धं पोतं असतं, एवढं लक्षात ठेवलंस तरी पुरे.

७. मोबाइल डोळ्यांपर्यंत आण, डोळे मोबाइलपर्यंत नेऊ नकोस — हात दुखला तर तो खाली ठेवता येतो, मान काढून ठेवता येत नाही. आणि फोन कान-खांद्यात दाबून भाकरी थापणं आजपासून बंद. स्पीकर लाव, तुझं बोलणं शेजारणीनं ऐकलं तरी चालेल.

८. कॉम्प्युटरचा पडदा डोळ्यांच्या रेषेत यावा म्हणून खाली जाड पुस्तकं ठेव; कागद तपासायचे असतील तर उतरती पाटी घे. जुन्या जिनातले मुनीमजी उतरत्या मेजावर खतावणी लिहायचे ना, त्यात शहाणपण होतं — कागद वर आला की मान खाली जात नाही. मी तीस वर्षं मांडीवर वह्या घेऊन तपासल्या, त्याची किंमत अजून देते आहे.

९. दुहेरी काचेचा चष्मा असेल तर कॉम्प्युटरसाठी वेगळा, एकाच नंबरचा करून घे — खालच्या काचेतून पडदा पाहायला हनुवटी वर जाते आणि मान मागं दाबली जाते.

१०. कपडे वाळत घालायची दोरी खांद्याच्या उंचीवर बांध, रोजचा डबा वरच्या फळीवर ठेवू नकोस — मान वाकवण्याइतकंच वर ताणणंही वाईट, शिवाय वर पाहताना चक्कर आली तर पडशील.

रविवारी तू वावरात जातेस तेव्हाही मला काळजी असते. कापूस वेचताना पोटाला बांधलेली ओटी भरेपर्यंत बाया थांबत नाहीत, कारण मजुरी किलोवर असते. मजूर बायांना हे सांगताना मला संकोच होतो, कारण त्यांचा थांबलेला अर्धा तास त्यांच्या चुलीतून जातो. पण तू घरच्या वावरात आहेस, तुला हातच्या किलोंचा धाक नाही. आणि ज्यांच्याकडून आपण वेचणी करून घेतो, त्यांचं गठुडं बंडीपर्यंत नेण्याची सोय करणं आपल्याच हातात आहे, तेवढं मालकिणीनं पाहावं.

११. ओटी अर्धी भरली की रिकामी कर — दोन खेपा पायांना पडतात, एक जड खेप मानेला पडते.

१२. गठुडं किंवा हंडा डोक्यावर नको. पाण्याला दोन लहान बादल्या घे, दोन हातात सारख्या — एका बाजूला ओढलेली मान दुसऱ्या बाजूनं सूड घेते.

१३. फवारणीचा पंप आमच्या जावयाला भरून देशील तर अर्धाच भर. सोळा लिटरचा पंप म्हणजे सोळा किलो पाणी आणि वर पंपाचं वजन — पट्टे नेमके त्याच स्नायूंवर बसतात जे मान धरून ठेवतात.

१४. निंदणाला वाकून बसण्यापेक्षा लहान पाट घे, आणि दर अर्ध्या तासानं उभं राहून खांदे मागं ओढ.

व्यायाम फार नाहीत, पण रोज हवेत. हनुवटी सरळ रेषेत आत ओढायची, जणू मागची भिंत डोक्यानं शोधतेयस. मग पाठीची दोन पाती जवळ आणायची. मग तळहात कपाळाला लावून डोक्यानं हात ढकलायचा, हातानं डोकं, कोणीच हलायचं नाही. पाच आकडे मोज आणि सोड. तसंच दोन्ही बाजूंना, तसंच मागं. सुरुवातीला प्रत्येकी पाच वेळा, पुढं दहा. हातात कळ उतरली तर तिथंच थांब.

१५. मान गरागरा फिरवू नकोस. शीर्षासन, सर्वांगासन तुझ्यासाठी नाहीत, शेजारीण कितीही आग्रह करो — झिजलेल्या सांध्यावर अंगाचा भार द्यायचा नसतो.

१६. आणि घरच्या पुरुषांना सांग, सलूनमध्ये कडकन मान मोडून घ्यायची नाही — त्या झटक्यात मानेतली रक्तवाहिनी किंवा नस दुखावू शकते, आणि ते दुखणं आयुष्यभराचं होऊ शकतं.

१७. शेक पंधरा-वीस मिनिटं, मधे कापड ठेवून. तव्यावर गरम केलेल्या मिठाची पुरचुंडी चालते, गरम पाण्यात पिळलेला टॉवेलही चालतो — शेक पाहुण्यासारखा असावा, थोडा वेळ बसून उठणारा. मधुमेहवाल्यांनी तर आधी दुसऱ्या कुणाच्या हाताला लावून पाहावा, त्यांना चटका उशिरा कळतो.

१८. गळ्यातला पट्टा डॉक्टरांनी सांगितला तेवढेच दिवस — टेकू कायमचा झाला की भिंत बसायला लागते. बसमध्ये मात्र मागची सीट घेऊ नकोस, उसळीत मान आपटते, मधली घे.

गोळ्यांचं जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथंच झाली. एका गावात एक जण संधिवाताच्या पुड्या देत असे. तीन दिवसांत मान मोकळी झाली, आणि मी तीन महिने त्या खाल्ल्या. चेहरा चंद्रासारखा गोल झाला, साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, त्यात स्टेरॉइड असणार. अशा पुड्या एकाएकी बंद केल्या तरी धोका असतो, हेही मला तेव्हाच कळलं. म्हणून तू कधी घेतल्या असशील तर लपवू नकोस, डॉक्टरांना दाखव. मी रागावणार नाही.

वेदनाशामक गोळी म्हणजे मेडिकलमधली पेपरमिंट नव्हे. तुझ्या लहानपणी मेलेल्या जनावरावर गिधाडांची गर्दी व्हायची, आता ती कुठे दिसतात? जनावरांना दुखण्यावर दिलेलं डायक्लोफेनॅक त्यांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, मूत्रपिंडं निकामी झाली आणि ती लाखोंनी मेली. २००६ मध्ये सरकारनं जनावरांसाठी ते बंद केलं. माणसाचं शरीर तेवढं नाजूक नाही, पण तीच गोळी महिनोन् महिने रिकाम्या पोटी खाल्ली तर आपल्याही पोटाला, मूत्रपिंडाला आणि रक्तदाबाला ती सोडत नाही.

१९. गोळी जेवल्यावर, कमीत कमी दिवस, आणि कोणती घेतली ते कॅलेंडरवर लिहून — गोळीनं दुखणं झोपतं, सांधा जागाच राहतो. थोडं दुखत असेल तर मानेला लावायचं मलम आधी.

२०. सगळे वात एक नसतात. कामानं दुखतं, विश्रांतीनं थांबतं आणि सकाळचा ताठरपणा थोड्या वेळात जातो, तर ती बहुधा झीज. पण सकाळी तासभर अंग सैल होत नाही, बोटांचे सांधे सुजतात, किंवा तरुण पोराची पाठ झोपून दुखते आणि हलल्यावर बरी वाटते, तर ती आतली सूज — तिला रक्त तपासून वेगळं औषध लागतं, आणि जितकं लवकर तितका सांधा वाचतो.

२१. सुजेच्या वातात मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. बहुतेकांना ती आठवड्यातून एकदाच असते. पाकिटावर ठरलेला वार मोठ्या अक्षरात लिहून ठेव — चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं. आपल्या घरी कुणाला मिळाली तर हे आधी सांगशील.

२२. पुढचं काही झालं तर शेक, लेप, मंत्र, काही नाही, सरळ दवाखाना: हातातून वस्तू निसटणं, पोलक्याची बटणं लावता न येणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, ताप आणि वजन घटण्याबरोबर रात्रीही न थांबणारी पाठदुखी, पडल्यानंतर धरलेली मान. त्यातलं काही मज्जारज्जू दाबल्याचं असतं, काही मणक्याच्या टीबीचं. आणि छातीत दाब येऊन कळ मान, जबडा किंवा डाव्या हातात गेली, घाम सुटला, तर मणक्याचा विचारसुद्धा करू नकोस. १०८ ला फोन कर — हृदयाचं दुखणं कधी कधी मानेचा पत्ता देतं.

पांढरकवड्याचं उपजिल्हा रुग्णालय आपल्या दारात आहे. पुढचं लागलं तर यवतमाळचं वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि सेवाग्रामही काही परदेश नाही. एकटी जाऊ नकोस, कुणाला सोबत ने; दुखत असताना डॉक्टरांचं निम्मं बोलणं डोक्यात शिरत नाही.

२३. घरात सांग, रोज नाही, पण स्पष्ट सांग: आज मान धरली आहे, भाजी तुम्ही चिरा. मी वर्षानुवर्षं दात आवळून स्वयंपाक केला आणि मग पोरांवर ओरडले — न सांगितलेलं दुखणं आवाजातून बाहेर पडतं.

२४. झोप मोडते आणि मन काळवंडतं, तेही डॉक्टरांना सांगायचंच. ते दुखण्याचाच भाग आहे, तुझा कमकुवतपणा नव्हे.

नवरात्रात येशील तेव्हा यात्रेच्या गर्दीत खांद्याला पिशवी अडकवू नकोस, पाठीवरची दोन पट्ट्यांची आण. फोटो, रिपोर्ट आणि गोळ्यांची सगळी पाकिटं बरोबर घे, आपण दोघी ओसरीवर बसून नीट पाहू. आणि तुझी स्वतःची उशी आणायला विसरू नकोस — आपल्या घरातल्या उशा अजून तुझ्या मोठ्या बाबांच्या मापाच्याच आहेत.