घाटातली गाडी

आपलं शिरोळ म्हणजे कृष्णा-पंचगंगेकाठची सपाट काळी रानं. घाट म्हणजे काय, ते मला पावनखिंडीला जाताना कळलं.

मलकापूर मागं पडलं आणि खडबडीत डोंगररस्ता लागला. मामा जीप चालवत होते. मी विचारलं, "रस्ता सरळ वर का नेला नाही?" मामा म्हणाले, "वळणं घेतली की अंतर वाढतं, पण चढ सोपा होतो." आपल्या पुस्तकातलं 'उतरण' हे साधं यंत्र ते हेच!

उतारावर मामांनी दुसरा गिअर टाकला. म्हणाले, "एकदा मी नुसता ब्रेक दाबत उतरलो. ब्रेक तापला, धरीना. गाडी दरडीला घासून थांबवली, म्हणून वाचलो. खालच्या गिअरात इंजिनच गाडी आवरतं." समोरून एस.टी. चढत होती. आम्ही थांबून तिला आधी वाट दिली. तसा नियमच आहे.

पुढे पायवाट. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले, ते भर पावसात, रात्री. मागे बाजीप्रभूंनी खिंड लढवली. आम्ही मात्र जीपमध्ये बसूनच दमलो होतो!

करून पाहा : दोरीने वीट फळीवरून ओढा. फळी आधी उभट, मग तिरपी ठेवा. जोर कधी कमी लागतो?